रसद तोडणारी हळद तपासायची कुणी?

गेल्या वर्षी दादाच्या केमोच्या पाचव्या सायकलच्या दिवशी त्याचा एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा होतेय का ते सांगणारा रक्तातला आकडा, नेहमीच्या चौपट आला. सलाईन न लावताच त्याला घरी पाठवलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, फुप्फुसात पसरलेला. यकृत स्वच्छ होतं, त्यामुळे हे कुठून आलं ते कुणालाच कळेना. पुढचे तीन आठवडे रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, काविळीच्या सगळ्या चाचण्या झाल्या. हाती काही लागलं नाही.

मग एका दुपारी मी त्यांच्या ठाण्यातल्या वर्तकनगरच्या घरी चहा टाकायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. साखरेचा डबा काढला, तर मागे दोन बाटल्या आणि कागदाची एक पुडी. एका बाटलीत हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, वर लिहिलेलं ‘करक्युमिन ९५ टक्के, काळ्या मिरीच्या अर्कासह’. दुसरीत हिरव्या चहाचा अर्क. पुडी जांभळी नाक्यावरच्या काष्ठौषधीच्या दुकानातली, तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. वहिनी दारात येऊन उभी राहिली. “अगं, गाठीला रक्त पुरवणाऱ्या शिरा बंद होतात म्हणे यानं. व्हिडिओ आला होता, चांगला डॉक्टर होता त्यात. तुला सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस.” मी विचारलं, हॉस्पिटलमध्ये सांगितलंस का? ती म्हणाली, “तिकडे कुणी विचारलंच नाही.”

माझं नौपाड्यात औषधाचं दुकान आहे. तीस वर्षं काउंटरवर उभी आहे. माझ्या सख्ख्या भावाच्या पोटात रोज काय जातंय ते मला माहीत नव्हतं, आणि ज्या रुग्णालयात त्याच्या रक्ताचा थेंबन् थेंब मोजला जात होता त्यांनाही नव्हतं. बाटल्या बंद केल्या. पाच आठवड्यांत एसजीपीटी उतरला. डॉक्टर म्हणाले, कॅप्सूलमुळेच झालं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण दुसरं कारणही दिसत नाही. सायकल मात्र चुकल्या त्या चुकल्या.

वहिनीवर मी ओरडले नाही, कारण ती बोलत होती ते खोटं नव्हतं.

बोस्टनचे शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये एक कल्पना मांडली. गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात. त्या ती आजूबाजूच्या वाहिन्यांना फुटवे फोडायला लावून मिळवते. गड चढून जिंकता येत नसेल तर वेढा घालून रसद तोडावी, तसं गाठीवर थेट हल्ला करण्याऐवजी तिच्या वाहिन्याच रोखल्या तर? अनेक वर्षं लोकांनी हे फारसं मनावर घेतलं नाही. मग १९८९ मध्ये व्हीईजीएफ हे वाहिन्यांना फुटायचा आदेश देणारं प्रथिन वेगळं काढलं गेलं, आणि त्याला पकडून ठेवणाऱ्या बेव्हॅसिझुमॅब या औषधाला २००४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत मान्यता मिळाली, तीही पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरसाठीच. ज्या चाचणीवर ती मान्यता उभी होती तिच्यात ८१३ रुग्ण होते. नुसत्या केमोनं निम्मे रुग्ण १५.६ महिने जगले होते, बेव्हॅसिझुमॅब जोडल्यावर २०.३ महिने. पावणेपाच महिने. ज्याच्या घरात हा आजार आहे त्याला पावणेपाच महिने म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

दादाच्या सलाईनमध्ये हेच औषध होतं. म्हणजे वहिनी ज्या कामासाठी हळदीच्या कॅप्सूल देत होती ते काम त्याच्या नसेतून आधीच चालू होतं. हे तिला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर त्या बाटल्यांवर तिनं महिन्याला तीन हजार घातले असते का, हा प्रश्न मला अजून छळतो.

वनस्पतींकडे वाहिन्या रोखायची ताकद आहे, यातही काही खोटं नाही. १९९३ मध्ये सोयाबीनमधल्या जेनिस्टीनबद्दल, १९९८ मध्ये हळदीतल्या करक्युमिनबद्दल, १९९९ मध्ये हिरव्या चहाबद्दल, २००४ मध्ये अश्वगंधेतल्या विथाफेरिनबद्दल हे प्रयोग प्रसिद्ध झाले. चहाच्या प्रयोगात स्टॉकहोमच्या शास्त्रज्ञांनी उंदरांना पाण्याऐवजी चहा पाजला होता. हे सगळं नामवंत नियतकालिकांत आलेलं संशोधन आहे, आणि व्हिडिओतला डॉक्टर तेच दाखवतो. तो जे दाखवत नाही ते समजायला प्रयोग कसा होतो ते पाहावं लागेल.

या विषयातला सगळ्यात सोपा प्रयोग कोंबडीच्या अंड्यावर होतो. माझ्या भाचीनं एमएस्सीला तो केला, तेव्हा मी तो जवळून पाहिला आहे. फलित अंडं काही दिवस उबवायचं. कवचाला नखाएवढी खिडकी पाडायची. आत पातळ पडद्यावर लाल वाहिन्यांचं जाळं पसरलेलं दिसतं, पिंपळाच्या जाळीदार पानासारखं, आणि मधोमध एक ठिपका धडधडत असतो. त्या पडद्यावर अर्कात भिजवलेली कागदाची टिकली ठेवायची, खिडकी चिकटपट्टीनं बंद करायची आणि दोन दिवसांनी पुन्हा उघडायची. अर्क चालला असेल तर टिकलीभोवती वाहिन्या मागे हटलेल्या असतात, मध्ये फिकट रिकामी जागा. पाहून अंगावर काटा येतो. आपल्या परसातल्या पानानं हे केलं, असं वाटून ऊर भरून येतो.

पण त्या पडद्यावर अर्क थेट ठेवलेला असतो. त्याला पोट नाही, आतडं नाही, यकृत नाही. माणसानं गिळलेली गोष्ट या तिन्हींतून पार होऊन रक्तात पोचायची असते. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये निरोगी माणसांना २ ग्रॅम करक्युमिन दिलं, तर रक्तात ते जवळपास सापडलंच नाही. हळदीत करक्युमिन असतं साधारण ३ टक्के. म्हणजे २ ग्रॅमसाठी पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद. भाजीला तर आपण चमचाभरही घालत नाही. त्याच बंगळूरच्या प्रयोगात २० मिलिग्रॅम पिपरिन, म्हणजे मिरीतला तिखट भाग, सोबत दिल्यावर रक्तातलं प्रमाण वीस पटींनी वाढलं. तेव्हापासून प्रत्येक बाटलीत मिरी आली.

आणि मिरीबरोबर नवा प्रश्न आला. पिपरिन करक्युमिनला रक्तात जाऊ देतं, कारण ते शरीराची औषधं निकामी करायची यंत्रणा मंदावतं. ही यंत्रणा काय फक्त हळदीपुरती नसते. दादाच्या सलाईनमधलं दुसरं औषध, इरिनोटेकॅन, त्याच यंत्रणेतून जातं. २००२ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी इरिनोटेकॅन घेणाऱ्या रुग्णांना सेंट जॉन्स वर्ट ही युरोपातली ‘निरुपद्रवी’ वनस्पती दिली, तर औषधाच्या प्रभावी रूपाचं रक्तातलं प्रमाण ४२ टक्क्यांनी घटलं. रुग्ण पाचच होते, पण नेमके आकडे होते. ही वनस्पती यंत्रणा भरधाव पळवते, मिरी उलट तिला ब्रेक लावते. एकात औषध वाया जातं, दुसऱ्यात अंगावर येऊ शकतं. अमेरिकेत मिरीसह घेतलेल्या हळदीच्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्याआधी २०२१ मध्ये मुंबईच्याच यकृततज्ज्ञांनी करोनाकाळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांबद्दल लिहिलं होतं, तेव्हा त्यावर केवढा वाद झाला! वाद व्हायलाही हरकत नाही. पण वादाचा निकाल चाचणीनं लागायला हवा, पत्रकांनी नव्हे.

आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. नव्या रक्तवाहिन्या फक्त गाठीलाच लागतात असं नाही. विळीनं कापलेलं बोट भरून येतं ते त्यांच्यामुळे. गर्भ वाढतो तो त्यांच्यामुळे. हृदयविकाराच्या माणसाचं हृदय तुंबलेल्या वाटेला बगल देऊन नवी वाट काढतं, तेही त्यांच्यामुळे. म्हणूनच बेव्हॅसिझुमॅबवर असलेल्या माणसाचं मोठं ऑपरेशन करायचं असेल तर निदान २८ दिवस आधी ते थांबवतात, त्याचा रक्तदाब सतत पाहतात, लघवीतून प्रथिनं जात नाहीत ना ते तपासतात. आता एखादी वनस्पती खरोखरच वाहिन्या रोखत असेल, तर तिलाही हे सगळं लागू होईल. ‘काम करते आणि काहीच अपाय नाही’ ही दोन वाक्यं एका बाटलीवर मावत नाहीत. आणि आपण तर जखमेवर हळद दाबतो ती जखम लवकर भरावी म्हणून! तीच हळद गाठीतल्या वाहिन्या रोखते, असंही म्हणतो. दोन्ही खरं असू शकेल, मात्रा वेगळी, जागा वेगळी. पण मग किती, कुठे, कुणाला, हे कुणीतरी मोजायला हवं ना?

वनस्पतीपासून कॅन्सरचं औषध होतच नाही असं जो डॉक्टर म्हणतो, तोही चुकतो. आपल्या सोसायट्यांच्या बाल्कनीतली सदाफुली घ्या. तिची पानं अनेक देशांत मधुमेहावर खाल्ली जायची, आपल्याकडे आजही सकाळी चावून खाणारे आहेत. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बियर यांनी १९५० च्या दशकात ती मधुमेहासाठीच तपासायला घेतली. साखर काही उतरली नाही. पण प्रयोगातल्या प्राण्यांच्या पांढऱ्या पेशी कोसळल्या. त्यातून व्हिन्ब्लास्टिन आलं आणि अमेरिकी कंपनीच्या कामातून १९६३ मध्ये व्हिन्क्रिस्टिन. रक्ताच्या कॅन्सरची कितीतरी मुलं त्यानं जगली. त्याचा एक डोस असतो जास्तीत जास्त दोन मिलिग्रॅमचा, आणि चुकून पाठीच्या कण्यात गेला तर जीव जातो. पान चावणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. पुढे असंही दिसलं की व्हिन्ब्लास्टिन अगदी कमी मात्रेत, सतत दिलं तर गाठीच्या पेशींआधी नव्या वाहिन्यांच्या पेशी मार खातात. म्हणजे वाहिन्या रोखणारं द्रव्य आपल्या बाल्कनीत होतंच, ते काढून, मोजून, चाळून घ्यायला माणसं लागली.

आणि इरिनोटेकॅन? त्याचं मूळ कॅम्प्टोथेसिन. ते १९६६ मध्ये अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून शोधलं. वाणी आपल्या नंदुरबारचे. याच दोघांनी १९७१ मध्ये यू झाडाच्या सालीतलं टॅक्सॉल हे कॅन्सरचं औषधही जगापुढे ठेवलं. पुढे १९७२ मध्ये गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातल्या गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना हेच कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतल्या एका झाडात मुबलक सापडलं. त्या झाडाला आपण नरक्या म्हणतो. घाणेरडा वास येतो म्हणून नरक्या. पुढे त्याची घाटमाथ्यावर इतकी चोरटी तोड झाली की ते दुर्मीळ व्हायची वेळ आली. मी हे वहिनीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ दादाच्या रिकाम्या सलाईनच्या बाटलीचं लेबल वाचत बसली. तिला वाटत होतं की एकीकडे ‘केमिकल’ आणि दुसरीकडे निसर्ग, आणि आपण गुपचूप निसर्गाची बाजू धरली. झाड दोन्हीकडे होतं. फरक मधल्या वर्षांचा होता. यूची साल १९६२ मध्ये गोळा केली आणि टॅक्सॉलला मान्यता मिळाली १९९२ च्या डिसेंबरात. तीस वर्षं.

ही तीस वर्षं हळदीवर, हिरव्या चहावर, अश्वगंधेवर कोण घालणार, हा माझा खरा प्रश्न आहे.

कंपनी घालणार नाही, आणि त्यात दुष्टपणा नाही. शेकडो रुग्णांची चाचणी कोट्यवधींची असते. पेटंट मिळालं तर तो खर्च निघतो. हळदीचं पेटंट मिळत नाही, कारण ते आपणच मिळू दिलं नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, जुने ग्रंथ पुढे ठेवून ते १९९७ मध्ये रद्द करवलं. आपण सगळे अभिमानानं ती गोष्ट मुलांना सांगतो, सांगायलाच हवी. पण हळद कुणा एकाची नाही, सगळ्यांची आहे, असं भांडून सिद्ध केल्यावर ती तपासायचा खर्चही सगळ्यांचाच होतो, हा त्या विजयाचा दुसरा अर्धा भाग आपण घेतलाच नाही. तो मोकळा सोडला आणि तिथे बाटलीवाले शिरले. त्यांना चाचणी लागत नाही. बाटलीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’ असं नियमानुसार छापलं की झालं. पुढचं काम व्हिडिओ करतो. माझ्या दुकानातही या बाटल्या होत्या. दादाच्या घरातून परतल्यावर मी त्या काढल्या, पण समोरच्या दुकानात त्या मिळतात, फोनवर तर घरपोच मिळतात.

हे काम करू शकणारी माणसं आपल्याकडे नाहीत असं कुणी म्हणू नये. ठाण्याहून पनवेल लोकल पकडली की तासाभराच्या आत खारघर येतं. कुठल्याही सकाळी त्या गाडीत मांडीवर जाडजूड फायली घेतलेली माणसं दिसतात. टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक, म्हणजे कॅन्सरवर उपचार आणि संशोधन दोन्ही करणारं केंद्र, तिथे आहे. वाटेत रबाळे-तुर्भ्याच्या पट्ट्यात रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आहेत, शुद्ध अर्क काढणं त्यांना अवघड नाही. आणि टाटानं दाखवूनही दिलं आहे. स्तनाची गाठ काढण्याच्या काही मिनिटं आधी तिच्याभोवती लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना देतात ते बधिरतेचं स्वस्त इंजेक्शन, दिलं तर काय होतं, हे त्यांनी १,६०० स्त्रियांवर, अकरा केंद्रांत, दहा वर्षं लावून तपासलं. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. लिग्नोकेनमध्ये कुठल्याही कंपनीला रस नव्हता. डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या ४२२ रुग्णांच्या चाचणीत त्यांनी कमी मात्रेत आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज सेलेकॉक्सिब तोंडानं देऊन पाहिलं. अशा उपचारात वाहिन्या रोखणं हाही हेतू असतो. २०२० मध्ये निष्कर्ष आला, महागड्या सलाईनच्या ६.१ महिन्यांपुढे या स्वस्त गोळ्यांनी ७.५ महिने. हे आपल्या पैशानं, आपल्या रुग्णांवर, आपल्या प्रश्नासाठी झालं. हळदीला आणि हिरव्या चहाला हीच वागणूक मिळावी, एवढंच मागणं आहे.

पण याच संस्थेबद्दल एक तक्रारही आदरानंच करते. २०२४ च्या फेब्रुवारीत द्राक्षांतलं रेस्वेराट्रॉल आणि तांबं यांच्या गोळीची बातमी आली. शंभर रुपयांत कॅन्सर परत येणं टळेल, असं लोकांनी ऐकलं. कल्पना मोलाची आहे, तिच्यामागे खूप वर्षांची मेहनत आहे. पण पुनरावृत्तीबद्दलचा पुरावा प्राण्यांतला होता, माणसांतल्या चाचण्या लहान आणि मुख्यतः दुष्परिणामांबद्दलच्या होत्या. पुढचे कित्येक दिवस माझ्या काउंटरवर लोक ती गोळी मागायला येत होते. मुंब्र्याहून आलेला एक मुलगा आईची फाईल घेऊन दोनदा आला. त्याला दोनदा ‘अजून नाही’ म्हणताना मला जे वाटलं, ते बातमी देणाऱ्यांना कळलं असतं तर बरं झालं असतं. सार्वजनिक संस्थेच्या शब्दाला वजन असतं, म्हणून तिनं तो मोठ्या चाचणीच्या नंतर द्यावा.

लोक मला म्हणतात, ताई, मरणाऱ्या माणसाच्या आशेवर कशाला पाणी ओतता? मी ओतत नाही. ज्याला सांगितलं गेलंय की आता औषध नाही, त्यानं घरात हळद-दूध घेतलं तर मी कोण अडवणार? पण दादाला औषध होतं. ते चालू होतं, आणि आशेच्या बाटलीनं ते थांबवलं. आयुर्वेदाच्या वैद्यांनाही माझा राग येतो. नाडी पाहून, प्रकृती पाहून, मात्रा ठरवून देणारे वैद्य मी पाहिले आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मला वाटतं चाचणीची मागणी सगळ्यात मोठ्यानं त्यांनीच करायला हवी. अर्काची बाटली विकणारा त्यांच्या शास्त्राचं नाव वापरतो, त्यांची शिस्त वापरत नाही.

चाचण्यांना वर्षं लागतील. तोवर दोन गोष्टी उद्यापासून होऊ शकतात. १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातीला बंदी आहे. लोकलच्या डब्यात चिकटवलेली पत्रकं आणि फोनवरचे व्हिडिओ यांना तो लागू करण्यासाठी नवा कायदा नको, अन्न व औषध प्रशासनाला माणसं हवीत. दुसरी गोष्ट त्याहून साधी. कॅन्सरच्या प्रत्येक ओपीडीत, केस पेपरवर मधुमेह-रक्तदाबाच्या रकान्याखाली आणखी एक रकाना हवा, ‘याशिवाय काय घेता’. आणि तो भरायला डॉक्टरच्या चार मिनिटांतली मिनिटं नकोत. दहा मिनिटं बसू शकणारा फार्मासिस्ट हवा, जो बाटली हातात घेऊन वाचेल, पुडी उघडून वास घेईल आणि रागावणार नाही. रागावला, तर पुढच्या वेळी बाटली साखरेच्या डब्यामागे जाते.

पुढच्या सायकलला मी बरोबर गेले. वहिनीनं वहीच्या पानावर सगळं लिहून नेलं होतं, सकाळचं आवळ्याचं सरबत, आठवड्यातून दोनदा कोरफड, झोपताना हळद-दूध, सगळं. डॉक्टरांनी पान हातात घेतलं, हळद-दुधावर बरोबरची खूण केली, कोरफडीवर काट मारली, आवळ्यापुढे प्रश्नचिन्ह काढून म्हणाले, “याचं मला खरंच माहीत नाही. विचारून सांगतो.” वहिनीनं ते पान घडी करून फाईलमध्ये, रक्ताच्या रिपोर्टच्या वर ठेवलं.